दिवेलागणीनंतर

"चला, निघू या," हे म्हणाले आणि मांडीवरची शेंगांची टरफलं झटकून उभे राहिले.

"आत्ताच तर टेकलो," मी म्हणाले.

"उशीर होईल."

"कशाला?"

हे तोवर घाटाच्या पायऱ्या चढायलासुद्धा लागले होते. कृष्णा आणि कोयना कऱ्हाडात समोरासमोर येऊन भेटतात, आणि सूर्य बुडता बुडता त्या पाण्याला जो रंग येतो तो बघायला गावातली माणसं मुद्दाम तेवढ्यालाच येतात. आम्ही मात्र रोज तेव्हाच उठायचो. वाटेत समोरून येणारी जोडपी भेटायची. आमच्या शेजारची रत्ना आणि तिचा नवरासुद्धा. रत्ना हसून म्हणायची, "तुम्ही बाई कधीही बघावं तर निघालेलेच."

आमचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. मी विट्याची. हे कऱ्हाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. मनोहर तांबट. सोमवार पेठेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि घरात आम्ही दोघं नि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सासरे आधीच गेले होते.

शाळेतून आले, चहा झाला, की हे म्हणायचे, "हेमा, जरा पाय मोकळे करून येऊ." एवढ्या एका वाक्याची मी दुपारपासून वाट बघायची. घाटावर जाऊन आम्ही काही मोठं करायचो असं नाही. भाजलेल्या शेंगा घ्यायच्या, कधी भेळ, पावसाळ्यात भाजलेलं कणीस. हे शाळेतल्या गमती सांगायचे. हेडमास्तर चिडल्यावर कसे बोलतात ते करून दाखवायचे. मी हसून हसून बेजार व्हायची. माहेरी आम्ही पाच भावंडं. तिथं माझ्या एकटीशी एवढा वेळ कुणी कधी बोललंच नव्हतं.

आणि मग उजेड उतरायला लागला की हे बोलता बोलता गप्प व्हायचे. कधीकधी वाटायचं, यांना काहीतरी सांगायचंय. एकदा म्हणालेही, "हेमा, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भेळेत मीठ कमी आहे."

घराकडे जाताना हे झपझप पुढे चालायचे. मी मागे. घाटावर खरी गर्दी दिवे लागल्यावर व्हायची, आणि हे नेमके ती व्हायच्या आत मला तिथून हलवायचे. सिनेमाला गेलो तर दुपारच्या खेळाला. कुणाची वरात असली तर यांचं डोकं दुखायचं. रात्री कुणाकडे जेवायचं बोलावणं आलं की आत्याबाई परस्पर सांगून टाकायच्या, "मनूला वह्या तपासायच्यात."

यातून मी जो अर्थ काढला तो असा, की यांना माझ्याबरोबर दिसायची लाज वाटते.

मी यांच्यापेक्षा उंच होते. फार नाही, बोट-दोन बोटं. पण लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मागे कुणीतरी बाई म्हणाली होती, "नवरी जरा वर गेलीय," आणि बायका हसल्या होत्या. ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. मी सपाट तळाच्या चपला घेतल्या. रस्त्याच्या उताराकडच्या बाजूनं चालायला लागले. केस वर न बांधता खाली मानेवर बांधायला लागले. तरी हे उजेड गेला की पुढे निघायचेच.

मग त्रिपुरी पौर्णिमा आली. घाटावर त्या संध्याकाळी सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लावतात. रत्ना चार दिवस आधीपासून सांगत होती, बायका पाण्यात दिवे सोडतात, बघण्यासारखं असतं. मी सकाळीच यांना म्हणाले, "आज दिवे बघूनच घरी यायचं."

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "गर्दी असते."

"म्हणूनच जायचं."

"चिखल असतो पायऱ्यांवर."

"तुम्ही येत नसाल तर मी रत्नाबरोबर जाते. तिचा नवरा सोबत आहेच."

पेपर खाली आला. स्वयंपाकघरातून आत्याबाई बाहेर आल्या. "मनू, नको," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. हे थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"जाऊ," हे म्हणाले.

मी माहेरचं निळं पातळ नेसले. घाटावर पोचलो तेव्हा अजून लख्ख होतं. हे वरच्याच एका पायरीवर बसले. "इथून सगळं दिसतं," म्हणाले. खाली बायका पणत्या मांडत होत्या. हळूहळू अंधारून आलं, पणत्या पेटल्या, पाण्यात त्यांची सरळ पिवळी रेघ पडली. मी काही दाखवलं की हे नुसते "हो" म्हणायचे.

"चला, खाली जाऊन दिवा सोडू," मी म्हणाले.

"तू जा. मी इथं बसतो."

"सगळ्यांचे नवरे आहेत खाली."

"तू जाऊन ये ना."

"माझ्याबरोबर चारचौघांत उभं राहायची एवढी लाज वाटत होती, तर लग्न कशाला केलंत?"

मी ते मोठ्यानं बोलले. शेजारच्या दोन बायकांनी वळून बघितलं. हे काहीतरी म्हणायला लागले, पण मी थांबले नाही. तरातरा पायऱ्या उतरून गेले. द्रोणातला दिवा घेतला, पाण्यात सोडला. काय मागितलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच मागितलं नाही. रत्नानं हाक मारली, तिच्याशीही बोलले नाही. गर्दी वाढली होती म्हणून दुसऱ्या बाजूनं वर आले, आणि यांच्या समोर दोन पायऱ्या खाली येऊन उभी राहिले. म्हटलं, आता आपण होऊन बोलणार नाही. यांनीच बोलावं.

माझ्या बांगड्या वाजल्या तशी यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, जरा ऐकता का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. इतकं झाल्यावर चेष्टा. मी दात आवळून उभी राहिले.

"आमची मंडळी खाली दिवा सोडायला गेलीय," हे म्हणाले. आवाज परक्या माणसाशी बोलावं तसा, अदबीचा. "निळं पातळ नेसलीय. उंच आहे, चारचौघींत उठून दिसते. दिसली तर तेवढं सांगाल का, की मी जागचा हललेलो नाही म्हणून? रागावून गेलीय. शोधत बसेल."

मी बघत राहिले. पाच हातांवर पणत्या जळत होत्या. वर चंद्र होता. मला यांच्या शर्टाची गुंडी दिसत होती. आणि यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर नव्हतेच. माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथं कुणी नव्हतं तिथं होते.

"बाई?" हे म्हणाले. हात किंचित पुढे केला, हवेत चाचपला आणि मागे घेतला. "गेलात वाटतं."

"मीच आहे," मी म्हणाले.

यांचा चेहरा कसा झाला ते मी आजवर कुणाला सांगू शकलेले नाही. पण हे सावरायला गेले नाहीत, हसण्यावारीही नेलं नाही. पायरीवर थोडे बाजूला सरकले. "बस," म्हणाले.

मी बसले.

"उजेड गेला की मला दिसत नाही, हेमा. लहानपणापासून. पणत्या दिसतायत, पण नुसते ठिपके. माणूस दिसत नाही, पायरी दिसत नाही."

"डॉक्टर?"

"मिरजेला दाखवलंय. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे म्हणाले. त्याला औषध नाही. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं कमी होत जातं. पुढं किती राहील ते सांगता येत नाही. कदाचित काहीच राहणार नाही."

खाली कुणीतरी आरती सुरू केली. ती संपल्यावर मी विचारलं.

"लग्नाआधी सांगितलं का नाही?"

"आई म्हणाली, आधी होऊ दे. मी ऐकलं. तिच्यावर ढकलत नाही, तोंड मलाही होतं." मग म्हणाले, "रोज तुला इकडे आणायचो ते सांगायलाच. घरात आईसमोर बोलता आलं नसतं. इथं आलो की वाटायचं, अजून उजेड आहे, थोड्या वेळानं सांगू. आणि तू हसत असायचीस. मग उजेड जायचा, आणि मला घर गाठायचं असायचं."

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"कशाची?"

"उंचीची."

हे खरोखरच चकित झाले. "उंचीची? मला तर त्याचं बरं वाटतं. लांबून तूच आधी दिसतेस."

गर्दी ओसरल्यावर आम्ही उठलो. काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी एक पायरी चढले की "पायरी" म्हणायची, सपाट आलं की "सपाट." एकदा मी सांगायला विसरले आणि हे ठेचकाळले. मागून कॉलेजची पोरं येत होती, त्यातलं कुणीतरी मुद्दाम खाकरलं. नवऱ्यानं बायकोच्या अंगाला भररस्त्यात हात लावायचे ते दिवस नव्हते. मला लाज वाटली आणि त्याच वेळी रडूही येत होतं, पण पुढे कुठली पायरी आहे ते बघायचं होतं म्हणून रडता आलं नाही.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात बघितला आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. फिरायला जाणं थांबलं. हे शाळेतून येऊन वह्या घेऊन बसायचे, आणि चला म्हणायचे नाहीत. मी आत्याबाईंशी बोलत नव्हते. त्याही माझ्याशी बोलत नव्हत्या. मला राग आला होता, आणि तो उतरत नव्हता. यांची दृष्टी जाणार याचा नव्हे. मला न विचारता सगळं ठरवलं गेलं, याचा.

अशात माझा थोरला भाऊ, विलासदादा, मला न्यायला आला. चुलतबहिणीचं लग्न होतं विट्याला. दादा पाय धुवून बसला, मी चहा दिला, आणि त्यानं सहज विचारलं, "बरी आहेस ना?" त्यावर मी सगळं सांगून टाकलं. चहा तसाच राहिला.

"ही फसवणूक आहे, हेमे," दादा म्हणाला. तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता. "सरळ फसवणूक. आम्ही काय चौकशी करायची बाकी ठेवली होती? आणि एवढी गोष्ट लपवली?"

आत्याबाई आतल्या दाराशी आल्या. "माझी चूक आहे," भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पोराला बोलू नका."

हे शाळेतून आल्यावर दादानं तेच सगळं यांनाही ऐकवलं. हे खाली बघून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, विलासराव."

दादाला भांडायचं होतं. असं उत्तर आल्यावर त्याला पुढे बोलता येईना. "मी हिला लग्नाला नेतोय," तो म्हणाला. "परत पाठवायचं की नाही, ते आमच्या घरी ठरेल."

मी पिशवी भरली. निघताना हे चपला घालायला लागले.

"तुम्ही कशाला?" दादा म्हणाला.

"स्टँडवर सोडायला येतो."

स्टँडवर पोचलो तेव्हा ऊन होतं. विट्याची गाडी लागलेली नव्हती. दादा चौकशीच्या खिडकीशी गेला तो तिथल्या माणसाशी वाद घालत राहिला. आम्ही दोघं बाकावर बसलो. आमच्या मध्ये माझी पिशवी होती.

"खिडकीपाशी बस," हे म्हणाले. "तुला गाडी लागते."

"हं."

"लग्नात गोड जपून खा. मागच्या वेळी पोट बिघडलं होतं."

"हं."

ऊन स्टँडच्या छपरावर चढलं आणि तिथून गेलं. समोरच्या हॉटेलात दिवा लागला. मी यांच्याकडे बघितलं. हे तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून, जिथं गाडी लागते तिकडे तोंड करून.

"तुम्ही निघा आता," मी म्हणाले.

"गाडी लागू दे."

"अंधार पडतोय."

"पडू दे."

"घरी कसे जाल?"

"जाईन. उजव्या हाताला तारेचं कुंपण आहे, ते संपलं की पोस्टाची भिंत. पुढं गटार आहे तेवढं सांभाळायचं. लहानपणी एकदा पडलोय त्यात, त्यामुळे आता पक्कं लक्षात आहे." हे हसले. "काळजी करू नकोस."

एवढ्यात गाडी आली. नेहमीसारखी झुंबड उडाली. दादानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि दारातून ओरडला, "हेमे, चल लवकर." मी पिशवी उचलली. यांना "येते" म्हणाले. हे "ये" म्हणाले. गर्दीत रेटा बसला आणि मी गाडीच्या पायरीवर चढले. वर चढून आत जायच्या आधी मी वळून बघितलं.

हे बाकापाशी उभे होते. हात वर करून निरोप देत होते. चेहऱ्यावर हसू होतं, अगदी नीट आणलेलं. पण हे बघत होते मागच्या एका खिडकीकडे, जिथं एक म्हातारा गृहस्थ बसला होता. तो म्हातारा बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघत होता.

मी पायरीवरच थांबले. मागची माणसं ओरडायला लागली.

"बाई, चढताय का उतरताय?" कंडक्टरनं विचारलं.

"उतरतेय," मी म्हणाले.

दादा गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आला. "हे काय आता?"

"मी आज येत नाही, दादा. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो लग्नाला."

"हेमे, कीव करून संसार होत नाही. आज कीव येईल, उद्या कंटाळशील."

"कीव कुठली? माझा राग अजून गेलेला नाही."

"मग कशासाठी उतरलीस?"

पन्नास माणसं ऐकत होती. थोरल्या भावाशी असलं काही बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तरी माझ्या तोंडून गेलं, "मला यांच्याबरोबर फिरायला आवडतं, दादा."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी हलली तेव्हा दादा अजून दारातच उभा होता, आणि त्याचा रुमाल त्यानं धरलेल्या जागेवर तसाच असणार.

मी बाकापाशी गेले. हे अजून रस्त्याच्या दिशेनं हात हलवत होते.

"गाडी गेली," मी म्हणाले. "हात खाली घ्या."

यांचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. "हेमा?"

"चला घरी."

"विलासराव?"

"दादा गेला."

"तू का नाही गेलीस?"

"भांडायला," मी म्हणाले. "माझं तुमच्याशी धड भांडणच झालेलं नाही. विट्याला जाऊन कुणाशी भांडू?"

मी यांचा हात घेऊन माझ्या कोपराला लावला. तसं खांद्यापेक्षा सोपं पडलं. कुंपण संपलं, पोस्टाची भिंत आली. मी खरंच भांडले. सबंध वाटभर भांडले. मला विचारायला हवं होतं म्हणाले, मी तुमच्या घरात भांड्याकुंड्यासारखी आलेली नाही म्हणाले, आणि मधेमधे "गटार", "दगड", "आता डावीकडे" असंही म्हणत होते. हे प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होते, रागावण्यालाही आणि गटारालाही. पेठेच्या तोंडाशी आल्यावर मला एकदम हसू आलं. मग यांनाही आलं.

आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. आम्हाला दोघांना बघून उभ्या राहिल्या.

"गाडी चुकली?" त्यांनी विचारलं.

"नाही. सोडली."

त्या आत गेल्या. मी हातपाय धुवून स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या पाटावर बसून पीठ मळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पण विचारायला हवं होतं, आत्याबाई. नाही म्हणायचं तर मी म्हणायचं."

त्या पीठ मळत राहिल्या. परातीत पाण्याचा हात फिरवून म्हणाल्या, "हो." आणि मग, "चार वर्षांचा होता. संध्याकाळी अंगणात खेळताना मला हाक मारायचा, मी समोर उभी असायची. मला वाटायचं, लबाडी करतोय. एकदा मारलं मी त्याला त्याबद्दल."

मी त्यांच्यापुढची परात माझ्याकडे ओढली आणि राहिलेलं पीठ मळलं. आमच्या घरात तोवर हे आधी जेवायचे आणि बायका मागून. त्या रात्री आत्याबाईंनी तीन ताटं एकाच वेळी मांडली. मला पहिली भाकरी वाढली.

पुढं जे व्हायचं होतं ते झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं बाजूचं दिसणं कमी होत गेलं, मग समोरचंही. यांनी हेडमास्तरांना स्वतः जाऊन सांगितलं. पुष्कळ वर्षं शाळेत शिकवलं, आणि फळ्यावरचं दिसेनासं झाल्यावर घरी शिकवण्या घेतल्या. मुलं गणित मोठ्यानं वाचायची आणि हे तोंडानं सोडवून द्यायचे. आता यांना काही दिसत नाही. मुलगा पुण्याला असतो, तिकडे या म्हणतो. आम्ही जातो आणि महिनाभरात परत येतो, कारण तिथं संध्याकाळी घाट नाही. दादा पुढं यांचा इतका दोस्त झाला की मला डावलून यांच्याशीच फोनवर तासन्‌तास बोलतो. सगळं सोपं गेलं असं म्हणणार नाही. काही दिवस फार वाईट होते.

पण मला जी संध्याकाळ सांगायची आहे ती तेव्हाचीच आहे, विट्याचं लग्न उरकून आम्ही दोघं परत आलो त्यानंतरची.

हे शाळेतून आले, चहा झाला. आम्ही बसून राहिलो. बाहेर अंधारायला लागलं. मग मीच म्हणाले, "पाय मोकळे करून येऊ?"

"आता?"

"आताच."

घाटावर नुसती माणसं होती, पणत्या नव्हत्या. आम्ही मधल्या पायरीवर बसलो. हे म्हणाले, "काय दिसतंय?" मला असं सांगायची सवय नव्हती. म्हटलं, पाणी आहे. हे म्हणाले, "ते मला ऐकू येतंय. आणखी?" मग मी बघून बघून सांगायला लागले. एक माणूस सायकल धुतोय. दोन म्हाताऱ्या बायका पायरीवर पाय पसरून बसल्यात, त्यातली एक भांडल्यासारखी बोलतेय पण मधेच हसतेय, म्हणजे भांडण नसावं. पलीकडच्या काठावर कुणीतरी शेकोटी पेटवलीय. हे मधेमधे विचारायचे, शेकोटीपाशी किती जण आहेत, लहान मुलं आहेत का. मी आयुष्यात एवढं कधी बोलले नव्हते. उशीर होत होता आणि आम्हाला दोघांनाही उठायची घाई नव्हती.

परत येताना आम्ही मुख्य पेठेतून आलो. घाटापासून पेठेपर्यंतचा रस्ता काळोखा, तिथं हे माझा कोपर धरून होते. पेठेत वळलो आणि एकदम उजेड आला. लग्नसराई होती, कापडाची आणि भांड्यांची दुकानं उघडी होती, दारादारांत ट्यूबलाइट लावलेल्या. रस्त्यावरचे खडे मोजता येतील एवढा उजेड. आमच्या मागून दोन बायका चालत होत्या. माझ्या कानावर आलं, "ते तांबट मास्तर ना? बायकोचा हात धरून चाललेत बघ. भर बाजारात. कमाल आहे बाई."

यांनीही ऐकलं. मला वाटलं, आता हे हात काढून घेतील. मी कोपर थोडा सैल केला, म्हणजे यांना अवघडायला नको.

हात निघाला नाही.

"इथं मला दिसतं, हेमा," हे थोड्या वेळानं हळूच म्हणाले. "एवढ्या उजेडात स्वच्छ दिसतं."

"मग?"

"मग काही नाही," हे म्हणाले. "सांगितलं तुला."

आम्ही तसेच पेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो.